गिटारचे कान कोणी टोचायचे?

पाथर्डीत एखादी गोष्ट घडली की नाही, हे ती कर्ण्यावरून ऐकू आली की नाही यावर ठरतं. काकड्यापासून दिवस सुरू होतो. मग भाजीचा टेम्पो, त्यामागून भंगारवाला, त्यामागून ‘आज रात्री ठीक आठ वाजता’ अशी सुरुवात करून कुणाच्या तरी कीर्तनाची वर्दी देत फिरणारी रिक्षा. दशक्रियेचं प्रवचन कर्ण्यावर, बारशाची गाणी कर्ण्यावर, निवडून आलेल्याचे आभार कर्ण्यावर आणि पडलेल्याचेही. तालुका पावसाच्या बाबतीत कायमचा कोरडा, पण आवाजाचा दुष्काळ इथं पडल्याचं कुणाला आठवत नाही. एकीकडे मोहटादेवी, एकीकडे वृद्धेश्वर, एकीकडे मढी, तिकडे भगवानगड. कुठल्या ना कुठल्या ठिकाणी काही ना काही चालू असतंच, आणि वारा कुठूनही आला तरी सोबत भजन घेऊन येतो. मढीला कानिफनाथांची यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत चालते, तिच्यात गाढवांचा बाजार भरतो. साउंडवाल्यावाचून कार्यक्रम पार पाडणारा तेवढा एकच गायक माझ्या माहितीत उरला आहे.

अशा गावात आमच्या गुरुजींकडे एक गिटार आहे, आणि ती कुणालाही ऐकू जात नाही.

गुरुजी निवृत्त शिक्षक. सत्तरच्या दशकात पुण्यात शिकत असताना शिकवण्यांचे पैसे साठवून त्यांनी ती घेतली. कलकत्त्याची आहे. अमेरिकेची गिब्सन परवडत नाही त्यांच्यासाठी कलकत्त्याला गिवसन निघाली होती, आणि जर्मनीची हॉफनर परवडत नाही त्यांच्यासाठी आपल्याकडे हॉबनरही मिळे. एका अक्षराच्या फरकात ग्राहकाचे हजारो रुपये वाचवणारा हा व्याकरणाचा उपयोग शाळेत कुणी शिकवत नाही. गुरुजींच्या गिटारवरचं नाव केव्हाच उडून गेलंय, त्यामुळे ती नेमकी कुणाची याबद्दल ते दरवर्षी वेगळं आणि दरवर्षी थोडं महाग नाव सांगतात. सपाट छातीची, मधोमध गोल भोकाची, पोलादी तारांची साधी गिटार. खोलीत वाजवली तर खोलीभर, ओट्यावर वाजवली तर ओट्याभर. रस्त्यावर आली की संपली.

मागच्या वर्षी गल्लीच्या गणपतीत गुरुजींचा कार्यक्रम ठेवला. साउंडवाल्याने गिटारसमोर माइक लावला. माइकला आवडनिवड नसते. त्याने जनरेटर घेतला, पुढच्या रांगेतल्या बायकांचं आमटीवरचं बोलणं घेतलं, शेजारच्या मंडळाची आरती घेतली आणि जागा उरली तर गिटार घेतली. ‘आवाज वाढव’ म्हटल्यावर साउंडवाल्याने मुठा वर नेल्या आणि माइकने अशी शिट्टी मारली, की मंडपाच्या खांबाला बांधलेली शेळी दावं तोडून गेली. यात माइकचा दोष नाही. गिटारचं पोट पोकळ, ते समोरच्या स्पीकरच्या आवाजाने घुमतं, ते घुमणं माइक पकडतो, स्पीकरला देतो, स्पीकर पुन्हा पोटाला देतो. घेणारा आणि देणारा एकमेकांना सापडले की मधल्या गाण्याला कोण विचारतो?

पुण्याच्या भाच्याने फोनवर उपाय सांगितला, “मामा, मॅग्नेटिक पिकप बसवा.” परदेशी पिकपची किंमत ऐकून गुरुजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्याही कानाला तीच ऐकू आली. तेव्हा भाचा म्हणाला, “त्यात असतं काय? एक चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेढे.” गुरुजींच्या डोक्यात उजेड पडला. तांब्याच्या तारेचे वेढे पाथर्डीत मिळत नसतील तर जगात कुठेच मिळणार नाहीत.

वाइंडिंगवाल्या मामांच्या दुकानासमोर जळालेल्या मोटरींची रांग असते. विहीर तळाला गेली की मोटर कोरडी फिरते, तापते, जळते आणि भरून घ्यायला मामांकडे येते. तालुक्याच्या पाणीपातळीचा खात्रीचा अहवाल हवा असेल तर मी त्या मोटरी मोजतो. श्रावण चालू होता, बऱ्यापैकी पाऊस झाला होता आणि मामा रिकामे बसले होते. गुरुजींनी गिटार टेबलावर ठेवली.

“किती एचपीची?” मामांनी विचारलं.

“अहो, गिटार आहे ही.”

“ते दिसतंय. लोड किती घेती?”

“लोड काहीच नाही. हिला करंट द्यायचा नाही मामा, हिच्यातून काढायचा आहे.”

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांच्या दुकानात आजवर जे जे आलं ते करंट खाणारं होतं. “म्हणजे जनरेटर म्हणा की!” ते म्हणाले.

विज्ञानाच्या कुठल्याही प्राध्यापकाने सही करावी इतकं हे बरोबर आहे. चुंबकाभोवती बारीक तार गुंडाळायची आणि वर पोलादी तार ताणायची. तार छेडली की ती थरथरते, तिच्या थरथरण्याने चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि क्षेत्र हललं की कॉइलमध्ये वीज उपजते. अगदी इवलीशी, पण तार सेकंदाला जितके झोके घेईल तितकेच झोके घेणारी. पुढचं काम अँप्लिफायरचं. धरणावरचं जनित्र चालतं तेही याच तत्त्वावर. मायकेल फॅरेडेने लंडनमध्ये हे दाखवलं १८३१ च्या ऑगस्टमध्ये, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री नगरला येऊन राहिले. आपल्या जिल्ह्यात गिटार म्हटलं की आधी चर्चमधली गायनं आठवतात, म्हणून मला या योगायोगाची गंमत वाटते. वीज आणि गायन एकाच साली निघाले, पण दोघांची मामांच्या टेबलावर गाठ पडायला जवळजवळ २०० वर्षं गेली. रस्ते तसेच आहेत म्हणा.

“तार किती बारीक?”

“मिलिमीटरचा सहा शतांश.”

“स्टार्टरच्या नो-व्होल्ट कॉइलपेक्षा बारीक? केसच की! अन् येढे?”

“पाच हजार तरी. दहापर्यंत चालतात.”

“गुरुजी, पाच हजार येढे मोजण्यापरीस मी पाच मोटरी भरीन.” पण पाच मोटरी नव्हत्या, म्हणून मामांनी काम घेतलं. चुंबक निघाला एका जळालेल्या स्पीकरमधून. तार कुठून आली ते मामांनी सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. वेढे घालायला ड्रिल मशीन आडवं बांधलं आणि मोजायला नातवाच्या कॅल्क्युलेटरला दोन वायरी जोडल्या. प्रत्येक फेऱ्याला एक अधिक एक. तार तीनदा तुटली. प्रत्येक वेळी मामांनी शिवी दिली ती मात्र कॅल्क्युलेटरला.

कॉइल तयार झाली, तिला एक जुना अँप्लिफायर जोडला आणि त्या वस्तूचा स्वभाव सगळ्यांना कळला. मामा तिच्यापुढे खाकरले. काही नाही. नातवाने टाळी वाजवली. काही नाही. गुरुजींनी घसा साफ करून सा लावला, तरीही ढिम्म. मग मामांनी हातातला पाना तिच्यावरून नुसता फिरवला आणि स्पीकरमधून ‘घुंक’ असा जबाब आला. हिला लोखंडापुरते कान आहेत. हवा, लाकूड, कातडं, माणसाचा गळा हे तिच्या लेखी अस्तित्वातच नाही. माइकसमोर जो उभा राहील त्याचं तो ऐकतो, पिकप फक्त आपल्या धातूच्या माणसांचं ऐकतो. एका पतसंस्थेत माझ्या कर्जाच्या अर्जाचं असंच झालं होतं, पण तो विषय वेगळा.

यातून पुढचा घोळ झाला. गिटारच्या सहा तारांपैकी खालच्या दोन उघड्या पोलादी. वरच्या जाड चार तारांना आत पोलादाचा गाभा आणि बाहेरून ब्राँझचं वेष्टण. हे वेष्टण खोलीत बसून ऐकणाऱ्यासाठी फार मोलाचं. आवाजातली ऊब, घुमारा सगळा त्यातून येतो. चुंबकाला ते दिसतच नाही. तो आतला गाभा तेवढा ओळखतो. परिणाम असा, की सडपातळ दोन तारा कर्कश ओरडू लागल्या आणि भारदस्त चौघी कोपऱ्यात पुटपुटत राहिल्या. गुरुजींनी मामांना समजावलं, “तंबोऱ्याचं हेच होईल. जोडीच्या तारा पोलादी, खर्ज पितळी. तंबोऱ्याला असा पिकप लावा, खर्ज गायब!” मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंत पिढ्यांची मेहनत त्याच्या मागे आहे, आणि त्या सगळ्यातलं आमच्या चुंबकाला कळणार काय, तर तीन तारांचं लोखंड. मामांनी फार विचार न करता ओरडणाऱ्या दोन तारांखालचा लोखंडी खिळा खाली ठोकला. त्या जरा दमाने बोलू लागल्या. महागातल्या पिकपमध्ये याच कामासाठी पेचाचे खिळे असतात. मामांकडे हातोडी होती.

आता खरा प्रश्न आला. पिकप बसला गिटारच्या गोल भोकात, दोन चिमट्यांवर, विनासायास. पण त्याची वायर बाहेर कुठून काढायची? रीत अशी, की गिटारच्या बुडाशी, पट्टा अडकवायचा खुंटा असतो तिथं, अर्धा इंच व्यासाचं आरपार भोक पाडायचं आणि त्यात सॉकेट बसवायचं. गुरुजींचा चेहरा उतरला. “सोनारानेच कान टोचावेत म्हणतात,” ते म्हणाले, “पण गिटारचे कोणी टोचायचे?”

उमेदवार पुष्कळ होते. सुताराने गिटार उलटी करून टकटक केलं आणि “प्लाय आहे, भोक काय, खिडकी काढून देतो” म्हणाला. मोबाइल दुरुस्तीवाला म्हणाला, ब्लूटूथ बसवतो, भोकच नको. मामांकडे ड्रिल होतंच, आणि त्यांच्या डोळ्यांत बोअर घेणाऱ्याची चमकही होती.

भाच्याने फोनवर गुरुजींना घाबरवून ठेवलं होतं. अमेरिकेत म्हणे जुन्या गिटारला व्हिंटेज म्हणतात आणि तिच्या अंगावरच्या प्रत्येक मूळ स्क्रूचे वेगळे पैसे धरतात. गिऱ्हाईक भिंग घेऊन येतं, आत आरसा घालून बघतं, आणि एखादं नंतरचं भोक सापडलं की मुलीच्या पत्रिकेत मंगळ निघाल्यासारखं उठून जातं. आपल्याकडे पन्नास वर्षांच्या वस्तूला एकच गिऱ्हाईक, आणि ते वजनावर घेतं. पण गुरुजींनी ‘व्हिंटेज’ हा शब्द ऐकला आणि तेव्हापासून गिटारवरची उशीची खोळ जाऊन तिथं रेशमी उपरणं आलं.

हे भय आपल्यापुरतंच आहे असं नाही. अमेरिकेत हॅरी डीआर्मंड नावाच्या कारागिराने १९३० च्या दशकात लावता-काढता येणारा पिकप आणला तो यासाठीच. गिटारला धक्का न लावता आवाज वाढावा म्हणून. पुढे कारखान्यांचा धीर चेपला. गिब्सनने १९५४ मध्ये सपाट छातीच्या गिटारला पिकप जन्मतःच बसवून दिला, आणि ती घुमून शिट्टी मारू नये म्हणून तिची छातीच प्लायवूडची केली. म्हणजे आधी आवाज मोठा करायचं यंत्र बसवायचं आणि मग त्या यंत्राला त्रास होऊ नये म्हणून गिटारचा आवाज बसवायचा. आमच्या सुताराला हे सांगितलं तेव्हा त्याने गुरुजींकडे ‘बघा, प्लायच चांगलं’ अशा नजरेने पाहिलं. एवढं करूनही जॉन लेननच्या अशाच गिटारने १९६४ मध्ये स्टुडिओत अँप्लिफायरपाशी हुंकार दिला. बीटल्सना तो इतका आवडला, की ‘आय फील फाइन’ या गाण्याची सुरुवात त्यांनी त्याच हुंकाराने केली. आमच्या साउंडवाल्याच्या शिट्टीने शेळी सुटली. त्यांच्या शिट्टीवर रेकॉर्ड विकली गेली. माणसाने कुठे जन्म घ्यावा हे महत्त्वाचं.

पण सगळ्यात मोठी कथा १९५९ च्या एका मार्टिन गिटारची. मार्टिन म्हणजे सपाट गिटारींमधलं घराणं. त्यांनी काही गिटारींच्या छातीवर डीआर्मंडचे दोन-दोन पिकप, मुठा आणि खटका बसवला. जाणकारांनी नाकं मुरडली. चांगल्या लाकडाची नासाडी. अशी एक गिटार पुढे रॉक गायक कर्ट कोबेनकडे आली. कंपनीचे दोन पुरेनात म्हणून तिला आणखी एक पिकप लावला. आणि ती घेऊन तो १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला ज्या कार्यक्रमात बसला त्याचं नाव काय, तर ‘अनप्लग्ड’! वायर काढलेला. अँप्लिफायर दिसू नये म्हणून त्याच्यापुढे खोटं खोकं उभं केलं होतं. २०२० साली ही गिटार लिलावात ६० लाख १० हजार डॉलरला गेली. म्हणजे आपले ४५ कोटींच्या घरात. घेणारे गृहस्थ ऑस्ट्रेलियाचे, आणि त्यांचा धंदा माइक बनवण्याचा.

हे ऐकून मामा म्हणाले, “म्हंजी भोकं असलेलीच महाग गेली ना? मग पाडू का?”

गुरुजी म्हणाले, “आधी कोबेन आणा.”

या वादात एक साक्षीदार बोलावला गेला. बेंजो मास्तर. बेंजो म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. वरातीत टेम्पोवर बसून नवरदेवाच्या मित्रांना हातवारे करायला लावतो तो. अमेरिकेतल्या बँजोशी त्याचं नावापलीकडे नातं नाही. जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ साली टाइपरायटरसारख्या बटणांचं एक तारवाद्य काढलं, ते फिरत फिरत हिंदुस्थानात येऊन बुलबुल तरंग झालं, आणि महाराष्ट्रात त्याला पिकप बसला तेव्हा बेंजो. २०१६ मध्ये रवी जाधवांनी त्यावर हिंदी सिनेमा काढला, रितेश देशमुखला घेऊन. पेटीवर तारा आणि त्याखाली चुंबक, वायर बाहेर. जगातल्या व्हिंटेजवाल्यांनी शंभर वर्षं ज्यावर परिसंवाद केले असते तो प्रश्न आपल्या वरातींनी एका लग्नसराईत सोडवून टाकला होता.

“मास्तर, तुम्ही पहिला पिकप बसवला तेव्हा भोक कशाने पाडलं?” गुरुजींनी विचारलं.

“खिळा तापवून.”

“लाकडाच्या आवाजाला धक्का नाही बसला?”

मास्तरांना प्रश्न कळायला वेळ लागला. “लाकडाचा आवाज?” ते म्हणाले. “तो सुताराकडं ऐकायचा. वरातीत मागच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे.” मग जरा थांबून म्हणाले, “आता तर डीजेपुढं मलाच मी ऐकू येत न्हाई.”

माझं मत विचाराल तर मास्तरांचं म्हणणं वरातीपुरतं बरोबर आहे आणि गुरुजींचं ओट्यापुरतं. भांडण होतं ते दोघांना एकाच स्पीकरमधून बाहेर यायचं असतं म्हणून. गुरुजींनी निकाल दिला: भोक पाडायचं नाही. वायर गिटारच्या तोंडातूनच बाहेर लोंबकळू द्यायची. जेवताना शेवई लोंबते तशी ती दिसते, पण लाकूड अबाधित राहिलं.

गणपतीच्या पाचव्या दिवशी कार्यक्रम होता. रात्री दहाच्या आत उरकायचा; नियमच आहे तसा, २००० सालापासून. साउंडवाल्याने वायर जोडली, मुठा वर नेल्या. शिट्टी नाही. पुढच्या बायकांची आमटी नाही, शेजारची आरती नाही. लोखंडापुरत्या कानांनी आपला शब्द पाळला होता. फक्त एक जाड, अखंड, गंभीर गुणगुण मंडपात भरून राहिली. मंडप डीपीला खेटून होता.

“हे काय?” अध्यक्षांनी विचारलं.

“लाइट,” साउंडवाला म्हणाला. “गिटारीला लाइट ऐकू येतीया.”

तेही शास्त्राला धरूनच. कॉइलला बदलतं चुंबकीय क्षेत्र कळतं. ते तारेने बदललं की डीपीने, याची चौकशी ती करत नाही. आपली वीज सेकंदाला ५० झोके घेते, ते तिने इमानाने पोचवले. पुढच्या रांगेतले मामा उठून आले. “अजून एक कॉइल घालू. पहिलीच्या उलटी. दोघींची गुणगुण आपसात फिटंल.” गिब्सनच्या सेथ लव्हर या इंजिनिअरने १९५५ मध्ये नेमक्या याच युक्तीसाठी पेटंटचा अर्ज केला होता आणि पुढे अख्ख्या जगाच्या गिटारी त्याच्यावर चालल्या. मामांना ती मंडपात, चहाचा कप हातात असताना सुचली. पेटंटचं ऑफिस जवळ नसण्याचे तोटे असतात.

पण गुरुजींनी हात वर केला. ते डोळे मिटून ऐकत होते. “पेटी द्या,” म्हणाले. पेटीवर त्यांनी पांढरी पाच दाबली. गुणगुण आणि पेटी जवळजवळ एकच. गुरुजी गातात पांढरी एकमध्ये, आणि पांढरी एकचा पंचम म्हणजे पांढरी पाच. अख्खी डीपी त्यांच्यामागे तंबोरा घेऊन बसली होती. “किंचित चढा आहे,” ते म्हणाले, “पण असा न थांबणारा पंचम मला आयुष्यात कुणी दिला नाही.” आणि त्यांनी भूप सुरू केला.

दहा मिनिटांनी लाइट गेली. अंधारात मंडळाच्या पोरांनी जनरेटरची दोरी ओढली, दिवे लागले, गुणगुण परत आली. पण लोडखाली जनरेटर दमलेला, ५० चे ४९ झालेले. आणि ४९ हा पांढरी पाचचा अगदी अचूक आकडा. इतका वेळ किंचित चढा असलेला पंचम जागेवर येऊन बसला. वादनाचा दर्जा जनरेटरवर सुधारल्याची ही पहिलीच वेळ असावी. गुरुजींच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून साउंडवाल्याला वाटलं ते त्याच्याकडे बघताहेत, आणि त्याने मान लववली.

या यशाने मामा पेटले. पुढच्याच महिन्यात एका सप्ताहात त्यांनी विणेकऱ्याला गाठलं. सप्ताहात सात दिवस, रात्रंदिवस वीणा खाली ठेवायची नसते. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याने गळ्यात घ्यायची. मृदंगाला माइक, पेटीला माइक, बुवांना दोन माइक, टाळांना माइकची गरजच नाही. आणि क्षणभरही थांबू नये असं जे एकच वाद्य, ते त्या गदारोळात वाजवणाऱ्याच्या शेजारच्यालाही ऐकू येत नाही. मला याचं कायम नवल वाटत आलंय. मामांना त्यात धंदा दिसला. “म्हाराज, कॉइल बसवून देतो. फुकट. पार तिसगावापत्तुर वीणा ऐकू येईल.”

विणेकऱ्याने नकार दिला. मला वाटलं आता भक्तीवर काहीतरी ऐकायला मिळणार. तो म्हणाला, “मामा, दसऱ्यानंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं. पहाऱ्याला वीणा धरायला माणूस मिळंना, त्या वायरीला कुठून आणू?”

गुरुजींनी मामांचे पैसे विचारले तेव्हा मामांनी रीतसर पावती फाडली. पावतीपुस्तक छापील, त्यात रकाने ठरलेले. शेतकऱ्याचे नाव: गुरुजींचं. मोटर एचपी: इथं मामांनी बराच वेळ पेन धरून शेवटी ‘हलकी’ असं लिहिलं. वेढे: ५०००. त्यापुढे ‘विहीर / बोअर’ असा रकाना होता. मामांनी ‘विहीर’ खोडलं आणि ‘बोअर’च्या पुढे लिहिलं, ‘मालकाने पाडू दिली नाही’. तळाला छापील सूचना होती, मोटर कोरडी चालवल्यास गॅरंटी राहणार नाही.

“तेवढं सांभाळा, गुरुजी,” मामा म्हणाले.